सांगणाऱ्याचा रकाना

जयवंता कुमरेला मी पहिल्यांदा भांडताना पाहिलं ते एस.टी.च्या कंडक्टरशी, तेही मांडीवर टाइपरायटर घेऊन. साल चौऱ्याण्णव. त्या काळी सरकारी टायपिंगच्या परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागे. कारंज्याहून आर्वी, आर्वीला गाडी बदलून वर्धा, आणि हातात पंधरा किलोचं लोखंड. माझ्या इन्स्टिट्यूटचे सात जण परीक्षेला बसले होते. सहा जणांनी मशीनं बसच्या टपावर चढवली. जयवंता तयार होईना. टपावर हादरे बसतात, मशीनचं अंग ढिलं होतं, म्हणाली. तिचं खरं होतं, पण हे मास्तरांना, म्हणजे मला, आधी सुचायला पाहिजे होतं.

कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट काढा.

"काऊन?" जयवंता म्हणाली. "मशीन माह्या मांडीवर हाय. सीटवर नाई, रस्त्यात नाई. मांडीचं तिकीट कोणत्या कायद्यात लागते ते दाखवा."

"बाई, पोरगं असतं तं फुकट नेलं असतं. हे लोखंड हाय."

"मंग पोरगंच समजा. रडत तं नाई ना?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरला ते लागलं. वाटेत आंजी मोठीला गाडी थांबवून त्याने तिला खाली उतरायला सांगितलं. ती म्हणाली, उतरते, पण का उतरवलं ते लिहून द्या आणि खाली सही करा, माझी परीक्षा बुडाली तर मला कामाला येईल. लिहून द्यायचं म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. कंडक्टरने घंटी वाजवली आणि गाडी निघाली. वर्ध्याला टपावरून काढलेल्या सहापैकी दोन मशीनं ऐन परीक्षेत अडकली. जयवंता पहिल्या श्रेणीत पास झाली.

माझं नाव काय ते सोडा, कारंज्यात मला सगळे भैयाजी म्हणतात. आमचं घराणं सरकीच्या व्यापाराचं. बाप-आजे गादीवर बसून पोटं वाढवून गेले आणि मी एकटा निघालो टायपिंग शिकवायला. वडील म्हणायचे, "बोटं बडवून कोणाचं भलं झालं?" माझी इन्स्टिट्यूट हायवेला लागून, एका ढाब्याच्या मागे. अमरावतीकडचा ट्रक जोरात गेला की दहाही मशीनं टेबलावर थरथरत. माझे विद्यार्थी नोकरीला लागल्यावर शांत खोलीत बसून चुका करायचे.

जयवंता पांजरटोलीची. कारंज्यापासून अकरा किलोमीटर, जंगलाच्या कडेला चाळीसेक घरं, सगळी गोंडांची. दहावीपर्यंत ती आश्रमशाळेत होती. तिथे गोंडी बोललं की उन्हात उभं करत. दहा वर्षं उन्हाला भिऊन ही पोरगी मराठी शिकली आणि सुटीत घरी गेली तर आईशी बोलताना अर्ध्या वाक्यात तिचे शब्द संपायला लागले. ऐकलेलं सगळं कळे, बोलायला गेलं की अडे. याचा तिला राग होता, आणि तो राग ती लपवत नसे. "माही भाषा माह्याच तोंडातून काढून घेतली, अन् वर सर्टिफिकेट देल्लं," असं ती कोणासमोरही म्हणे.

शहाण्णव साली मी तिला शिकवायला ठेवून घेतलं. बाजारपेठेतल्या दोन-तीन घरांतून लगेच निरोप आले: आमच्या पोरी तिच्या हाताखाली शिकणार का? मी शूर माणूस नाही. मी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर दारावर सुबक टाइप केलेला कागद: "ज्यांना जयवंता कुमरे यांच्याकडून शिकायचे नसेल त्यांच्यासाठी आर्वी येथे दुसरी इन्स्टिट्यूट आहे. पहिली बस सकाळी सात वीस." खाली माझं नाव. सहीची जागा तिने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी सही केली. एकही पोरगी आर्वीला गेली नाही, आणि त्या दिवसापासून मी तिला 'अगं जयवंता' म्हणायचं सोडून 'जयवंताबाई' म्हणायला लागलो.

दोन हजार साल उजाडेपर्यंत टाइपरायटर भंगारात जाऊ लागले. मी दोन कॉम्प्युटर आणले. आणि दोन हजार तीनमध्ये नागपूरच्या बोलीकोश मंडळाचे सदाशिवराव आमच्या पायऱ्या चढून आले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. गावोगावच्या बोलींचे शब्द मरायच्या आत गोळा करायचे, असं त्यांचं काम. त्यांना गोंडी समजणारी आणि टाइप करणारी व्यक्ती हवी होती. अशी व्यक्ती अख्ख्या तालुक्यात एकच होती आणि ती माझ्या खिडकीशी बसून एका मुलीचं बोट चुकीच्या बटणावरून उचलून बरोबर बटणावर ठेवत होती.

मंडळाने एक प्रोग्राम दिला. शब्दकोश साध्या कागदासारखा लिहून चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक मजकुराला खूण लावावी लागते: हा शब्द, हा अर्थ, हे वाक्य, हा प्रदेश. मग कॉम्प्युटरला कळतं की कोण काय आहे. घरातला तिखट-हळदीचा डबा असतो ना, प्रत्येक वाटीत एकच जिन्नस, तसं. त्या खुणा उघड्या पाहिल्या तर कंसांचं नुसतं काटेरी कुंपण दिसतं. पण या प्रोग्राममध्ये खुणा लपलेल्या असत. पडद्यावर छापील पुस्तकाचं पान दिसे, शब्द ठळक, अर्थ साधा, वाक्य तिरपं, आणि प्रत्येकाभोवती बारीक रेघेची चौकट. जयवंताबाई चौकटीला रकाना म्हणायची. कोणते रकाने असावेत, कोणता कोणाच्या आत बसावा, हे सगळं मंडळाने आधी ठरवून साचा बंद केलेला. आपण फक्त भरायचं.

ती सायकलने टोलीवर जाऊ लागली. आणि पहिल्याच दिवशी धुरपताबाईंनी तिला परत पाठवलं.

धुरपता उईके म्हणजे वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजीने जाणारी साठीची बाई. टोलीतल्या निम्म्या गोष्टी आणि गाणी हिच्या तोंडात. पांजरटोलीत एक रीत आहे. गोष्ट सांगायला बसलं की आधी ती कोणाकडून ऐकली त्याचं नाव घ्यायचं. मग ऐकणारे वाक्यावाक्याला हुंकार देतात. नाव न घेता कोणी सुरुवात केली तर सगळे गप्प बसून त्याच्याकडे बघत राहतात, आणि हुंकाराशिवाय गोष्ट दोन पावलंही चालत नाही. मी एकदा तिथे जाऊन मोठ्या तोऱ्यात एक किस्सा सांगायला घेतला होता. इतका तोंडघशी मी दुसरीकडे कुठे पडलो नाही.

धुरपताबाईंनी विचारलं, "मी शब्द सांगीन. तू कागदावर माहं नाव लिहिशीन ना?"

जयवंताबाईने पडद्यावरचे चार रकाने आठवले. शब्द, अर्थ, वाक्य, प्रदेश.

"नाव लिहाची जागाच नाई, धुरपतामाय."

"मंग जागा करून येजो," धुरपताबाई म्हणाल्या, आणि भाकरी थापायला बसल्या.

आता इथे माझी अक्कल आली. मी जन्मभर टाइपरायटरवर काढलेला. तिथे जागा नसली की कुठेतरी घुसवायचं, हाच आमचा धर्म. मी म्हणालो, "जयवंताबाई, अर्थाच्या रकान्यात शेवटी स्वल्पविराम द्या अन् नाव लिहून टाका. कोण पाहून राह्यलं?" तिला ते फारसं पटलं नाही, पण तिला काम सुरू करायचं होतं. धुरपताबाई, चिंधू सलामे आणि असे तीसेक जण बोलू लागले. सहा महिन्यांत चारशे शब्द झाले. मंडळाने नमुना म्हणून एक छोटी पुस्तिका छापली आणि पन्नास प्रती टोलीत वाटायला पाठवल्या.

तिसऱ्या दिवशी चिंधूबाबा पुस्तिका मुठीत धरून इन्स्टिट्यूटमध्ये आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हातपंपावर त्यांच्या सुनेने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आम्ही पान उघडलं.

कोंदा: बैल, चिंधू सलामे.

खाली दोन ओळींवर, नय: कुत्रा, धुरपता उईके.

"मी बैल हाय का?" चिंधूबाबांनी विचारलं. "सांग ना पोरी. सत्तर वर्साचा झालो, बैल हाय का मी?"

मला हसू आवरेना, मी टेबलाखाली वाकून पंख्याची वायर शोधू लागलो. जयवंताबाई हसली नाही. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती उठली, चिंधूबाबांच्या पायाशी वाकली, आणि त्याच दुपारी टोलीत जाऊन चौकात सगळ्यांसमोर म्हणाली की चूक माझी आहे. माझं नाव तिने घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

परत आली ती तापूनच. "भैयाजी, मान देवाले गेलो अन् गाळी देऊन बसलो. नाव कुठीबी कोंबाची वस्तू नोहे. त्याले त्याचा रकाना पायजे. धुरपतामायनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, आपल्याले आयकू आलं नाई."

तिने मंडळाला पत्र टाइप केलं: 'कोणी सांगितले' असा एक रकाना वाढवावा. दीड महिन्याने उत्तर आलं. मान्य आराखड्यात बदल करता येणार नाही. नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर उत्तर असंच येणार. तिने स्वतः साचा उघडायचा प्रयत्न केला, तर प्रोग्रामने तोंड मिटलं. आत हात घालायची परवानगी फक्त तो बनवणाऱ्या कंपनीला.

मग दोन हजार चारच्या पावसाळ्यात एका कॉम्प्युटर मासिकासोबत सीडी आली. अशा सीड्या मी चहाच्या कपाखाली ठेवत असे. जयवंताबाईने ती घालून पाहिली. त्यात एक एडिटर होता, हुबेहूब मंडळाच्या प्रोग्रामसारखंच काम करणारा. पानासारखं पान, रकान्यासारखे रकाने. फरक एवढाच की तो फुकट होता आणि उघडा होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून तो बनवला होता आणि वर लिहून ठेवलं होतं: आत कसं आहे ते बघा, बदला, दुसऱ्याला द्या, फक्त पुढच्यालाही हीच मोकळीक ठेवा.

"फुकटात कोणी काई देते का जी?" मी म्हणालो. व्यापाऱ्याचं रक्त, दुसरं काय. "यात काईतरी गोम असंन."

"धुरपतामायनं चारशे शब्द देल्ले, तुमाले काय बिल पाठवलं?" ती म्हणाली.

आता एक गंमत ऐका. ही बाई दहा वर्षं इंग्रजी मिनिटाला चाळीस शब्दांनी टाइप करत होती आणि त्यातलं तिला फारसं काही कळत नव्हतं. आम्हा टायपिंगवाल्यांचं असंच असतं. बोटांना अक्षरं येतात, डोक्याला अर्थ येत नाही. त्या एडिटरची माहिती दीडशे पानांची, सगळी इंग्रजीत. तिने आधी ती आख्खी टाइप करून काढली, कारण वाचण्यापेक्षा टाइप करणं तिला सोपं होतं. मग एकेका शब्दाचा अर्थ पेन्सिलीने वर लिहीत गेली. सात महिने लागले. आमच्या कॉम्प्युटरवर तो एडिटर उघडायला लावून समोरच्या ढाब्यावर चहा पिऊन यावं, इतका वेळ तो घेई. ती तेवढ्यात दोन विद्यार्थिनींचं टायपिंग तपासून घ्यायची.

आणि एके दिवशी अर्थाच्या खाली, वाक्याच्या वर, एक नवी चौकट उमटली. 'कोणी सांगितलं.' तिने त्यात पहिलं नाव टाइप केलं: चिंधू सलामे, पांजरटोली. कोंदा म्हणजे बैल, आणि ते सांगणारे चिंधूबाबा वेगळे, मानाने आपल्या जागी बसलेले. मी शेजारी उभा होतो.

पुढचं वर्षभर ती शब्द घेऊन पुन्हा घरोघर फिरली. हा तुम्हीच सांगितला ना? 'गाटो', म्हणजे भात, हा शब्द आधी कोणी सांगितला यावरून धुरपताबाई आणि चिंधूबाबांचं असं जुंपलं की दोघांनी आठ दिवस एकमेकांशी बोलणं टाकलं. तिने परत येऊन साच्यात सोय केली, एका शब्दाला कितीही सांगणारे. भांडण मिटलं. असा न्याय तहसीलमध्येही होत नाही. अकराशे बेचाळीस शब्द झाले आणि बत्तीस माणसं झाली.

मार्च दोन हजार सहामध्ये सदाशिवरावांचं पत्र आलं, या वेळी मलाच. कोश छपाईला जात होता. पांजरटोलीची फाइल मान्य आराखड्यात नसल्याने मंडळाचं यंत्र ती स्वीकारत नाही, 'कोणी सांगितलं' हा रकाना काढून ती पाठवावी. आणि खाली, मऊ भाषेत, मंडळाचं कारंजा तालुका केंद्र तुमच्या इन्स्टिट्यूटला देण्याचा विचार आहे. पाच नवे कॉम्प्युटर.

मी ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग म्हणालो, "जयवंताबाई, काढून टाका ना नावं. शब्द तं राह्यतील. तेवढंच नाई का महत्त्वाचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर इन्स्टिट्यूटचं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र होतं, माझं नाव मोठ्या अक्षरांत. ती खुर्ची घेऊन चढली आणि ते खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं.

"यावरचं तुमचं नाव खोडा. इन्स्टिट्यूट तं राह्यतेच ना?"

पन्नाशीच्या माणसाला लाज वाटते तेव्हा ती कान तापवते. मी प्रमाणपत्र परत टांगलं आणि पत्राला उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं एवढंच माझं शौर्य. पण सदाशिवरावांना ते पुरलं नाही. एप्रिलच्या एका गुरुवारी भर दुपारी त्यांची गाडी दारात उभी राहिली.

बाजारचा दिवस होता. धुरपताबाई टोपलं बाहेर ठेवून पंख्याखाली बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना हात जोडले. मग जयवंताबाईला म्हणाले, "सोमवारी मजकूर छापखान्यात जाणार. तुमच्या कामाचं मला कौतुक आहे, खरंच आहे. पण कोश भाषेचा असतो, माणसांचा नसतो. तुमच्या गावाची नावं घेतली तर उद्या प्रत्येक गाव मागेल."

"मागू द्या ना साहेब. देल्ल्यानं काय संपते?"

"आपण हे सगळ्या समाजासाठी करतो आहोत. त्यात एकेकाचं नाव कशाला?"

जयवंताबाईने खणातून ती जुनी नमुना पुस्तिका काढली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं: संकलन, सदाशिवराव. "एकाचं तं हाय," ती म्हणाली. "तुमच्या साच्यात नावाचा रकाना हाय की. बस एकालेच पुरते."

साहेबांनी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. मग त्यांचा मऊपणा संपला. "ठीक आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी काढतो. संगणक मलाही येतो." ते खुर्चीकडे वळले.

मला वाटलं, ही आता खुर्ची अडवून उभी राहणार. तिने तर खुर्ची पुढे सरकवून दिली. एडिटर उघडून दिला. तो उघडेपर्यंत साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

साहेबांनी कोंदा ही नोंद उघडली. चिंधूबाबांच्या नावावर गेले आणि पुसलं. आख्ख्या नोंदीभोवती लाल चौकट आली. फाइल जतन करायला गेले तर पाटी: नोंद अपूर्ण आहे, किमान एक सांगणारा हवा. त्यांनी रकानाच उडवून पाहिला. एडिटरने उडवू दिला नाही. दुसऱ्या शब्दावर गेले, तेच. तिसऱ्यावर तेच. तेव्हा मला कळलं की या बाईने रकाना वाढवून काम थांबवलं नव्हतं. तिने तो सक्तीचा केला होता.

"तुमचा साचा नाव घेत नाई," ती म्हणाली. "माहा साचा नाव नसंन तं शब्द घेत नाई."

खरं सांगायचं तर फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली असती तर ती सगळी कुंपणं उघडी दिसली असती आणि नावं पाच मिनिटांत उपटता आली असती. साहेबांना ते माहीत नव्हतं. मला होतं. पाच नवे कॉम्प्युटर डोळ्यांसमोर नाचत होते, आणि मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट मी बढाई मारून सांगतो.

पण सदाशिवराव हुशार माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि रिकाम्या रकान्यात स्वतःचं नाव टाइप केलं. सदाशिवराव, नागपूर. लाल चौकट गेली. फाइल मुकाट जतन झाली. मशीनला काय, त्याला नावाशी मतलब. कोणाचं नाव, ते त्याला कुठून कळणार?

"झालं," साहेब म्हणाले. "सगळीकडे हेच टाकतो. संकलकाचं एकच नाव आमच्या आराखड्यात बसतं."

जयवंताबाईने पडद्यावर पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "धुरपतामाय, कोंदा हा शब्द आता या साहेबानं सांगतला म्हणते."

धुरपताबाई उठल्या. साहेबांसमोर आल्या आणि गोंडीत काहीतरी बोलल्या, दोन वाक्यं, शेवटी प्रश्न. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. बाहेर ट्रक गेला, टेबलं थरथरली, साहेबांनी खिशातलं पेन काढून परत ठेवलं. एका बोलीचा कोश काढणाऱ्या माणसाला त्या बोलीत एक साधा प्रश्न कळला नव्हता, आणि ते त्याचं त्यालाही कळलं होतं.

"काय विचारलं त्यांनी?" शेवटी त्यांनी मला विचारलं. मलाही कुठे येत होतं?

जयवंताबाईने सांगितलं, "इचारून राह्यल्या, तुमच्या घरी बैल कोणते हायेत, अन् त्यायले पाणी कोण दाखवते."

सदाशिवराव पडद्याकडे वळले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपलं नाव पुसलं. चिंधूबाबांचं नाव त्यांनीच परत टाइप केलं, गावासकट. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तेवढं त्यांचं त्यांना दिलं पाहिजे.

"पण छपाई मान्य आराखड्यातच होणार," उठताना ते म्हणाले. आवाज आता थकलेला होता. "नावं राहिली तर पांजरटोली कोशात नसेल. विचार करा. तीन वर्षांचं काम आहे तुमचं."

पांजरटोली त्या कोशात नाही. आजही नाही, उघडून बघा. पांजरटोलीचं पुस्तक आम्ही त्याच इन्स्टिट्यूटमध्ये काढलं, माझ्या प्रिंटरवर, पानापानाला बत्तीस जणांपैकी कोणाचं ना कोणाचं नाव. फाइल आणि साचा दोन्ही सीडीवर घालून तिने मागेल त्याला दिले, देवळीच्या एका शाळामास्तरापासून मेळघाटातल्या कोणा पोरीपर्यंत. तालुका केंद्र आर्वीच्या इन्स्टिट्यूटला मिळालं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी साहेब दारात उभे होते, आणि तीन वर्षांचं काम टेबलावर उघडं पडलेलं होतं.

"शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "नावं काढून देणार का?"

जयवंताबाईने एकच शब्द उच्चारला. गोंडीत. अर्ध्या वाक्यात अडणारी ती बाई या वेळी कुठेच अडली नाही.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

तिने खुर्चीवर बसून पान खाली सरकवलं आणि बाजूला झाली. अकराशे बेचाळीस शब्दांतला हा एकच तिने स्वतःच्या नावावर घेतला होता. हल्ले: नाही. कोणी सांगितलं: जयवंता कुमरे, पांजरटोली. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि फाइल न घेता गाडीत जाऊन बसले.